हिरव्या ढलप्यांचा राब

गांगुर्डेबाई भारी तापट होत्या, असं सांगणारी माणसं मला अजूनही भेटतात. बहुतेक आमच्याच कॉलेजातली, आता पेन्शन खाणारी, सकाळी गोदाकाठी फिरायला जाणारी. ती हे हसत हसत सांगतात, जणू बाई म्हणजे एक गंमत होती. मला ते हसणं सहन होत नाही. बाई तापट होत्या हे खरं, पण त्या कशावर तापायच्या ते यातल्या एकालाही आठवत नाही. आठवायचं नसतं म्हणा.

आमची ओळख सत्तरच्या दशकातली, नाशिकच्या एका कॉलेजातली. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, बाई रसायनशास्त्र. दोन्ही प्रयोगशाळांच्या मधल्या भिंतीला एक दार होतं. ते बंद ठेवायचा नियम होता आणि ते कधीच बंद नसायचं. त्या दारातून बाईंचा आवाज आधी यायचा आणि बाई मागाहून. बुटक्या, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि एकूण एक साडीला आम्लाची बारीक बारीक भोकं. मी एकदा रफूचं नाव काढलं तर म्हणाल्या, "कशाला? उद्या शेजारी दुसरं पडणार."

वडील इगतपुरीला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होते, त्यामुळे बाई तिथल्या रेल्वेच्या चाळीत वाढलेल्या. आपल्या मोठ्या आवाजाचं खापर त्या तिथल्या पावसावर फोडायच्या. चार महिने पत्र्यावर असा धो धो कोसळतो की घरात ओरडल्याशिवाय एकमेकांचं ऐकूच जात नाही, म्हणे. मला हे कारण पटायचं. स्टाफरूमला दुसरं कारण पटलेलं होतं. बाई बौद्ध. "त्यांच्यात असतंच तसं," असं एक गृहस्थ एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाले. मी देशपांडे, म्हणजे मला हे सांगायला हरकत नाही असं त्यांनी धरूनच चाललेलं. त्या माणसाशी मी पुढं कधी धड बोलले नाही.

बाई आम्हा सगळ्यांना नुसत्या आडनावानं हाक मारायच्या. "काय देशपांडे, पानं-फुलं झाली का?" पुरुष एकमेकांना मारतातच की, मग आपण का नाही, असा त्यांचा सवाल. पण अख्खं कॉलेज ज्याला "ए काश्या" म्हणून ओरडायचं, त्या त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला बाई "काशिनाथभाऊ, जरा येता का?" म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काशिनाथनं मागं वळून पाहिलं होतं, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून.

'चालतंय' हे त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. गॅसची नळी गळते, चालतंय. पिण्याच्या पिंपाला वास येतो, चालतंय. "कुणाचं चालतंय?" बाई विचारायच्या. "तुमचं चालतंय. ज्याचं चालत नाही तो इथं सांगायला आलेला नाही." समोरचा गडबडून जायचा, कारण तो बिचारा सहज बोललेला असायचा. बाईंना नेमकी त्या सहजपणाची चीड होती.

एका पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर स्टाफरूममध्ये जिलबी आली. पिवळीधमक. बाईंनी एक कडं उचललं, नाकाशी धरलं आणि उठून गेल्या. आम्हाला वाटलं, आवडली नाही. त्या परत आल्या त्या आम्लाची बाटली घेऊन. बशीतल्या जिलबीवर चार थेंब टाकले. जिलबी बघता बघता जांभळट गुलाबी झाली. प्राचार्य तेव्हा दुसरी संपवत होते. "सर, हा कापड रंगवायचा रंग आहे," बाई म्हणाल्या. मग कुणीतरी म्हणालं, "इतकी वर्षं खातोय, काय झालंय?" बाई तिथं भांडत बसल्या नाहीत. बाटली पिशवीत घालून थेट हलवायाकडे गेल्या आणि भर गिऱ्हाइकात त्याच्या परातीवर तोच प्रयोग करून दाखवला. हलवाई घाबरला आणि त्यानं तो रंग खरोखरच सोडला. त्याची जिलबी फिकी झाली आणि गिऱ्हाईक तुटलं. पुढच्या वर्षी कॉलेजनं शेजारच्या दुकानातून पिवळीधमक जिलबी आणली. बाईंनी त्या दिवशी रजा टाकली होती.

या काशिनाथचं गाव घोटीच्या पुढं, इगतपुरीच्या अलीकडं. आठवडाभर तो नाशिकला भावाकडे राहायचा आणि शनिवारी पॅसेंजरनं घरी जायचा. बायको पारूबाई गावी शेती बघायची. शेती म्हणजे भाताची खाचरं. दिवाळीनंतर काशिनाथ आम्हा दोघींना नवा तांदूळ आणून द्यायचा, फडक्यात बांधून. कुकरची शिटी झाली की माझ्या शेजारणी विचारायला यायच्या, कुठला हो तांदूळ?

एका वर्षी तो हात हलवत आला.

"औंदा भात पोचट गेलं, बाई. लोंब्या वाकल्याच नाय. अजून ताठ उभ्या हायेत."

भाताची लोंबी दाण्यांच्या भारानं वाकते. ताठ उभी राहिली म्हणजे आत काही नाही. मी कीड, पाणी, बियाणं असं काहीबाही बोलले. बाईंनी एवढंच विचारलं, "काशिनाथभाऊ, औंदा वेगळं काय केलंत?"

काशिनाथनं डोकं खाजवलं आणि त्याचा चेहरा खुलला. "राब! औंदा आमचा राब लय भारी झाला."

त्या बाजूला भाताचं रोप टाकायच्या आधी उन्हाळ्यात वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. तो राब. त्यानं जमीन भाजून निघते, तण मरतं आणि राख वाफ्याला मिळते. पण फांद्या तोडायला गेलं की जंगलखात्याचा गार्ड कुऱ्हाड काढून घ्यायचा. गावाच्या डोक्यावरच्या चढावर चार-पाच वर्षांपूर्वी एक कारखाना निघाला होता. गावोगाव वीज चालली होती, तिचे लाकडी खांब तिथं तयार व्हायचे. खांब तासून निघालेल्या ढलप्यांचे ढीगच्या ढीग पडायचे.

"सायेब फुकाट देत्यात. हिरव्या हिरव्या ढलप्या. धडाडून पेटत्यात. चुलीला कवापासनं त्याच, औंदा राबाला बी त्याच. आन् गंमत म्हंजी वाळवी त्यास्नी तोंड लावत नाय."

बाईंनी हातातली नळी खाली ठेवली. "वाळवी तोंड का लावत नाही, काशिनाथभाऊ?"

त्याला ते ठाऊक नव्हतं. का असावं? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या रविवारी आम्ही दोघी पॅसेंजरनं गेलो. वर कारखान्याच्या कुंपणाच्या आत खांब रचलेले, शेजारी वाळवीच्या औषधाच्या हिरव्या पाण्याचा हौद. त्या पाण्यात मुरवलेले खांब उघड्यावर निथळत होते, निथळले की मापाला तासले जात होते. खालची माती हिरवट झालेली, आणि तिथून निघालेला ओघळ सरळ काशिनाथच्या खाचरात उतरलेला. खाचरातलं भात पिवळं होऊन ताठ उभं होतं. वाऱ्यावर त्याचा नुसता कोरडा आवाज येत होता.

पारूबाई चुलीपुढं होती. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. फुंकणीनं जाळ करायची, खोकायची, पुन्हा फुंकायची. बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "पारूबाई, हात बघू तुमचे." तळहातांवर कुरूपं उठली होती, ज्वारीच्या दाण्यांसारखी टणक, अगदी बोटांच्या आतल्या बाजूपर्यंत. पारूबाई लाजली.

"कामाचे घट्टे हायेत, बाई."

"कामाचे घट्टे काम लागतं तिथं उठतात. हे सगळीकडे आहेत." मग हळूच, "पायांना पण?"

पारूबाईनं मान हलवली. गळ्याखालीही काळे-पांढरे ठिपके होते. तिनं पदर ओढून घेतला. निघताना बाईंनी चुलीतली राख आणि खाचरातले हाती लागले तेवढे भरलेले दाणे पुडीत बांधून घेतले.

सोमवारी चाचणी केली. अवघड काही नाही. बाटलीत जस्ताचे तुकडे आणि आम्ल, त्यात तपासायचा पदार्थ, तोंडावर औषध लावलेला कागद. अर्सेनिक असेल तर कागद पिवळा पडतो, जास्त असेल तर तपकिरी. परीक्षेच्या दिवसांत याच बाटल्या काशिनाथनं किती वेळा विसळल्या असतील. चुलीतल्या राखेवर कागद लगेच तपकिरी झाला. तांदळावर सावकाश, पण स्वच्छ पिवळा.

"अर्सेनिक," बाई म्हणाल्या. "म्हणजे सोमल."

"सोमल? उंदराचा?" काशिनाथनं विचारलं आणि तो स्टुलावर बसला. बाईंसमोर तो कधी बसत नसे.

स्टाफरूममध्ये बाईंनी हे सगळं सांगितलं. शिकलेली माणसं, काही डॉक्टरेट मिळवलेली. ऐकून पहिला प्रश्न आला तो असा: "मग घोटीचा तांदूळ घ्यायचा की नाही?" दुसरा: "धुऊन घेतला तर चालेल का?" तिसऱ्याला कोलमचे आजचे भाव पाहिजे होते. बाई ऐकत राहिल्या. मग टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "पारूबाईंचे हात कसे आहेत, एवढं एकानं तरी विचारा!" कुणीतरी खरंच विचारलं, "कोण पारूबाई?" त्या दिवसापासून बाईंनी स्टाफरूममध्ये चहा घेतला नाही. आमच्या मधल्या दाराशी स्टूल टाकून त्या एकट्याच घ्यायच्या, आणि मी माझा कप घेऊन तिथं जायचे.

कारखान्यावरही आम्ही गेलो. मॅनेजर मोठा गोड माणूस. चहा मागवला, बिस्किटं मागवली. "औषध लाकडात पक्कं बसतं हो, बाहेर येत नाही. आम्ही तर गोरगरिबांना फुकट सरपण देतो. लोक दुवा देतात."

"जाळल्यावर?" बाईंनी विचारलं. "जाळल्यावर ते कुठं जातं?"

मॅनेजर घड्याळाकडे बघायला लागला. वरच्या ऑफिसशी बोलतो, म्हणाला. आम्ही बाहेर आलो. मॅनेजरच्या बंगल्यापुढं गुलाबांचा वाफा होता, माळी खुरपत होता. बाईंनी सहज विचारलं, इतका भुसा पडतो तर झाडांना घालता का? माळी भाबडेपणानं म्हणाला, "नाय नाय, सायबांनी पैल्याच दिशी बजावलं. ह्यातलं काय बी बागंत टाकू नको, गुलाब जळत्यात."

बाई मागं वळल्या. पुन्हा आत गेल्या, मागोमाग मी. मॅनेजरच्या टेबलावर काचेच्या फुलदाणीत त्याच बागेतले गुलाब होते. "गुलाबाला चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या आणि ती फुलदाणी भिंतीवर फोडली. हो, फोडली. मी तिथं होते आणि मला फार बरं वाटलं. ते सकाळी फिरणारे लोक हसून हसून सांगतात ती हीच गोष्ट. फुलदाणी सांगतात, गुलाब सांगतात. माळी काय म्हणाला ते कुणी सांगत नाही.

कारखान्यानं कॉलेजकडे तक्रार केली. प्राचार्यांनी बाईंना बोलावून समज दिली. बाईंच्या अर्जावरून सरकारी खात्याची माणसं जीप घेऊन आली. त्यांनी पाणी तपासलं ते चढाच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं. पाणी वरून खाली वाहतं हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा कळतं. सगळं ठीक आहे, असं सांगून जीप गेली. कारखान्यानं एक मात्र केलं. ढलप्या देणं बंद केलं.

आणि गाव बाईंवर उलटलं. पुढच्या खेपेला पारूबाईच दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्यामुळं सरपण गेलं, बाई. आता पुन्ना डोंगरात जायाचं, गार्डाच्या शिव्या खायाच्या. तुमचं काय, तुमच्याकडं ग्यास हाय."

मला वाटलं, आता बाई भडकणार. त्या पिशवी उचलून निघाल्या. वाटेत म्हणाल्या, "देशपांडे, बरोबर बोलली ती. मी तिचं सरपण काढून घेतलं आणि हातात काय दिलं? माहिती." मग दर उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई जंगलखात्याच्या कचेरीच्या बाकावर बसलेल्या असायच्या. राबापुरत्या फांद्या तोडू द्या, एवढीच मागणी. शेवटी एका रेंजरनं कंटाळून तोंडी होकार दिला. त्या वर्षीच्या राबावर बाई स्वतः शेणाच्या पाट्या ओतायला गेल्या होत्या.

पुढं सिमेंटचे खांब आले आणि लाकडाचे मागं पडले. कारखान्याला कुलूप लागलं. मालक गेले, हौद आणि हिरवी माती तिथंच राहिली. पण एका दिवाळीनंतर काशिनाथ हसत हसत फडकं घेऊन आला. "बाई, लोंब्या वाकल्या! पार जमिनीला टेकल्या. जिमीन बरी झाली आमची."

बाईंनी तांदूळ हातात घेतला. फार सुरेख होता. त्यांना तो तपासायचा नव्हता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी तपासला. कागद पिवळा पडला.

"पर लोंब्या वाकल्यात की, बाई," काशिनाथ पुन्हा पुन्हा म्हणत होता. दाणा भरला म्हणजे जमीन बरी झाली, हे त्याच्या बापजाद्यांपासूनचं शहाणपण. ते खोटं कसं मानायचं? बाईंनी गावात जाऊन सांगितलं, खालची खाचरं काही वर्षं पाणी न कोंडता ठेवा, नागली, म्हणजे नाचणी, लावा. मीही माझ्या परीनं समजावलं, की पाण्यात उभं राहणारं भात हे विष जास्त ओढून घेतं. लोक म्हणाले, इगतपुरीच्या पावसात पाणी कोंडायचं नाही म्हणजे आभाळाला सांगायचं काय? भात लागत राहिलं, खाल्लं जात राहिलं. उरलेलं घोटीच्या बाजारात आणि तिथून नाशिकला येत राहिलं.

पारूबाई नाशिकच्या दवाखान्यात वारली. पोटात पाणी झालं होतं. लिव्हर गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी त्यांना तिचे तळहात दाखवले. शेतकरी बाई आहे, हात असेच असणार, असं ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

त्याच वर्षी बाई नोकरी सोडून मराठवाड्यातल्या एका कॉलेजात गेल्या आणि काही वर्षांनी तिकडेच वारल्या. मला त्या दिसतात त्या मात्र पारूबाईच्या तेराव्याच्या दिवशीच्या.

दुपारची वेळ. अंगणात मांडव. पहिल्यांदा आलो होतो तेव्हा याच ओट्यावर मला कपबशीत चहा मिळाला होता आणि बाईंना वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या पेल्यात. आज काशिनाथचा थोरला भाऊ स्वतः समोर आला. "बाई, तुमी फुडं बसा. पैल्या पंगतीला." त्यांना गावातल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पारूबाईची नात. पत्रावळी मांडल्या. गव्हाची लापशी आली, आमटी आली, आणि मग काशिनाथ भाताचं घमेलं घेऊन आला. पहिली मूद त्यानं बाईंच्या पानात वाढली.

"घरचा हाय, बाई. पारूनंच लावला व्हता. तिच्या हातचा शेवटला."

सगळे बाईंनी पहिला घास घ्यायची वाट बघत होते. तसा मान त्यांना दिला होता.

"काशिनाथभाऊ, हा मी खाणार नाही," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता, हळू होता. "आणि पाया पडते, तुम्हीही कुणी खाऊ नका."

समोरचा एक म्हातारा ताडकन म्हणाला, "आमी तुमास्नी पंगतीला घेतलं, आन् तुमी आमचं अन्न टाकता?"

"मान दिलात म्हणूनच सांगते, आजोबा. परकी असते तर गप्प जेवले असते आणि घरी जाऊन ओकले असते." मग त्या काशिनाथकडे वळल्या. "तिला ह्यानंच मारलं, हे मला सिद्ध करता येत नाही. आलं असतं तर मी इथं बसले नसते, कोर्टात उभी राहिले असते. तेवढं मला जमलं नाही."

काशिनाथ घमेलं धरून उभा होता. "तिच्या नावानं दोन घास, बाई. आजच्या दिस. उद्यापासनं तुमी म्हनाल तसं."

बाईंनी मान हलवली, नाही. म्हाताऱ्यानं आमटी ओतली, भात कालवला आणि जेवायला लागला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी पंगत खाली माना घालून जेवायला लागली. मी जेवले नाही. बाई उठल्या नाहीत. पंगतीतून मध्येच उठणं हा त्या घराचा अपमान, आणि तो त्यांना करायचा नव्हता. ताठ बसून राहिल्या.

शेजारच्या पोरीनं भातात हात घातला. बाईंनी तिचं मनगट धरलं. तिच्या पानातला सगळा भात दोन्ही हातांनी उचलून आपल्या पानात घेतला आणि आपली लापशी तिला वाढली. पोरगी खूश झाली. गोड जास्त मिळालं म्हणून बाईंकडे बघून हसली. बाई हसल्या नाहीत. काशिनाथ लांबून बघत होता. तो पुन्हा भात वाढायला त्या बाजूला आला नाही.

पंगत उठली. लोक हात धुवायला गेले. बाई तिथंच बसून होत्या, पानात दोघींचा भात.